भूल उतरल्यावर

पिंपरीत १९५५ साली पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे कारखान्याचं पूर्ण नाव, पण पिंपरीकरांच्या तोंडी पहिल्यापासून ‘एचए’. १९५४ साली केंद्र सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने काढलेला हा सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. आकुर्डीची स्कूटर आणि टेल्कोचा ट्रक यांच्या आधी या पट्ट्याची ओळख औषधाच्या बाटलीने झाली, हे आज चाकणच्या कोंडीत अडकलेल्या कुणाच्या गावीही नसतं.

पेनिसिलिनमुळे ऑपरेशनची एक मोठी धास्ती ओसरली, टाके पिकण्याची. दुसरा त्रास मात्र कुणी त्रास म्हणून मोजतच नव्हतं. भूल उतरली की पेशंट ओकणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. उशाशी किडनी ट्रे, वॉर्डातल्या मावशींच्या हातात ओला फडका, आणि घाबरलेल्या नातेवाइकांना ठरलेला दिलासा: भुलीचं औषध बाहेर पडतंय, पडू द्या. दिलासा खोटा होता. इथर बाहेर पडत होतं ते फुप्फुसांवाटे, श्वासातून. उलटीने पेशंटची त्यातून सुटका होत नव्हती. ताजे टाके ताणले जात, डोळ्याच्या ऑपरेशननंतर डोळ्यातला दाब वाढे, अंगातलं पाणी कमी होई आणि सलाइन चढवावं लागे. (सलाइनच्या बाटल्याही पुढे एचएमध्येच तयार होऊ लागल्या.)

इथरचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये झालं. पुढच्याच मार्चमध्ये ते कलकत्त्याला पोचलं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, पुण्याचं ससून १८६७ चं. म्हणजे ससूनचे दरवाजे उघडले तेव्हा इथर आणि क्लोरोफॉर्म दोन्ही जगभर रुळलेले होते. तारेचा मास्क, त्यावर गॉजच्या घड्या आणि त्यावर थेंबथेंब सोडलेलं इथर, ही पद्धत लहान गावांतल्या दवाखान्यांत विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. तिला वीज लागत नसे, महागडं यंत्रही लागत नसे. इथर सहसा जीव घेत नसे, पण ओकायला लावे. त्या काळी दहातल्या सात-आठ जणांना उलट्या होत, असं भूलशास्त्राची पुस्तकं सांगतात.

यावर पहिल्यांदा नीट विचार केला तो लंडनच्या जॉन स्नोने. कॉलऱ्याचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढणारा स्नो हाच. पण त्याचा रोजचा धंदा भूल देण्याचा होता. ऑपरेशननंतर पेशंटला लगेच हलवलं तर उलटी होते, हे त्याने १८४८ च्या सुमारास नोंदवलं आणि उतारा म्हणून थोडी वाइन आणि अफू सुचवली. यातली गंमत पुढे उलगडली. अफूच्या कुळातली औषधंच उलट्यांचं एक मोठं कारण निघाली! त्यानंतरच्या काळात जे सुचेल ते करून पाहिलं गेलं. १९१२ साली फर्ग्युसन नावाच्या डॉक्टरने इथरनंतर ऑलिव्ह तेल पाजण्याचा उपाय छापून आणला. आपल्याकडे घरोघरी लिंबू, सुंठ आणि साळीच्या लाह्यांचं पाणी होतंच. वैद्यांकडे मोरपिसाची राख मधातून चाटवण्याची रीत होती. यातल्या सुंठीवर, म्हणजेच आल्यावर, पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि मळमळीवर ते काही प्रमाणात उपयोगी पडतं असं दिसलं. मोरपिसाच्या वाट्याला तो मान आला नाही.

उपाशीपोटी ऑपरेशन करण्याची चाल मात्र फार जुनी. सुश्रुताने शस्त्रकर्माआधी रोग्याला जेवू घालावं असं सांगितलं आहे, म्हणजे वेदनेने मूर्च्छा येणार नाही. पण मूळव्याध, भगंदर, मुतखडा, उदर, मुखरोग आणि अडलेला गर्भ यांत रोग्याला उपाशी ठेवायला सांगितलं आहे. आधुनिक उपासामागचा धाक बसला तो १९४६ साली. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सनने ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांत भुलीत पोटातला ऐवज श्वासनळीत गेल्याच्या ६६ घटना सापडल्या आणि दोघी दगावल्या होत्या. घन अन्नाने गुदमरून. तिथून ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ हा नियम जगभर गेला आणि आपल्याकडे तो जरा जास्तच निष्ठेने पाळला गेला. सकाळी आठची यादी, त्यात आपला चौथा नंबर, पहिलं ऑपरेशन लांबलेलं. दुपारी तीनला पेशंट आत जाईपर्यंत जिभेला कोरड. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे गेल्या पंचवीस वर्षांत जगातल्या मार्गदर्शक नियमावल्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. शरीरात पुरेसं पाणी असेल तर ऑपरेशननंतरची मळमळही कमी होते. तरी वॉर्डातली पाटी बारा वाजताच उपास सुरू करते. ऑपरेशननंतरचा उपास तर आणखी वेगळा: ‘गॅस पास झाला का?’ या प्रश्नाला होकार येईपर्यंत चहासुद्धा नाही.

आता औषधांकडे. या सगळ्या इतिहासातली मजेची गोष्ट अशी, की ऑपरेशननंतरची उलटी थांबवावी म्हणून मुद्दाम कुणी शोध लावला आणि तोच चालला, असं जवळजवळ झालेलंच नाही. प्रत्येक औषध दुसऱ्याच कामासाठी निघालं आणि वाटेत इथे थांबलं.

पहिली पाळी अ‍ॅलर्जीच्या औषधांची. १९४७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवती बाईला नवं औषध दिलं. पित्ताचं काय झालं ते असो, तिने येऊन सांगितलं की ट्राममध्ये बसलं की नेहमी होणारी मळमळ बंद झाली. डॉक्टरांनी पुढच्या वर्षी सैनिकांनी भरलेल्या जहाजावर अटलांटिक महासागरात ते तपासून पाहिलं. तेच ड्रामामिन. याच घराण्यातलं प्रोमेथाझीन फ्रान्समध्ये निघालं आणि दोन नावांनी महाराष्ट्रात घराघरांत पोचलं: खंडाळ्याचा किंवा वरंधचा घाट लागण्याआधी पोरांच्या हातावर ठेवली जाणारी अ‍ॅव्होमिन, आणि इस्पितळातलं फेनर्गन.

फेनर्गनला इस्पितळात आणलं ते फ्रेंच नौदलातल्या आंरी लाबोरी या सर्जनने. ऑपरेशनच्या धक्क्याने शरीर कोसळू नये म्हणून तो वेगवेगळी औषधं एकत्र करून पाहत होता. १९५० च्या डिसेंबरात रोन-पूलांकच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं क्लोरप्रोमाझीन त्याच्या हाती आलं. पेशंट शांत, बेफिकीर पडून राहतात हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मानसोपचारवाल्यांना सुचवलं की तुम्ही हे वापरून बघा. पुढे मनोरुग्णालयांचा चेहरा बदलला तो या औषधाने, लारगॅक्टिल या नावाने. त्याच रेणूच्या चुलतभावंडांनी उलट्याही थांबत. मेंदूच्या तळाशी, रक्तातलं विष हुंगून उलटीचा आदेश देणारी एक जागा असते; बोरिसन आणि वँग या दोघांनी १९५० च्या आसपास ती प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिली. लारगॅक्टिलच्या जातीची औषधं तिथलं डोपामाइनचं दार बंद करतात. मेंदूतली भ्रमाची वाट आणि ओकारीची वाट एकाच किल्लीने बंद होते, हे आधी कुणाला सुचलं असतं असं वाटत नाही.

भारतातल्या ऑपरेशन थिएटरांत यातून एक जोडी पक्की झाली: फोर्टविन-फेनर्गन. एक वेदनाशामक, दुसरं झोप आणणारं आणि उलटी दाबणारं. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत पेथिडीन आणि फेनर्गनची जोडी असे. सिस्टर एकाच सिरिंजमध्ये दोन्ही ओढून घेत आणि ही नावं एका दमात म्हणत; जोडनाव असल्यासारखी.

१९६४ साली फ्रान्समध्येच मेटोक्लोप्रमाइड आलं. आपल्याकडे ते मुंबईच्या इप्का कंपनीच्या पेरिनॉर्म या नावाने ओळखलं गेलं. पोट पुढे ढकलतं आणि मेंदूतलं डोपामाइनचं दारही लावतं, असा दुहेरी गुण. किंमत थोडी, मिळायला सोपं, आणि म्हणून दोन-तीन दशकं प्रत्येक इंजेक्शनच्या ट्रेमध्ये हजर. त्याचा एक अवगुण मात्र वॉर्डात थरकाप उडवायचा. एखाद्या तरुण मुलीला इंजेक्शन द्यावं आणि तासाभरात तिची मान एका बाजूला वळावी, डोळे वर जाऊन तिथेच थांबावेत, जबडा आवळला जावा. बरोबर आलेली आजी लगेच ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून मोकळी. डॉक्टर शांतपणे फेनर्गनचं इंजेक्शन देत आणि काही मिनिटांत मान सरळ होई. एका उलटीच्या औषधाने अंगात आलेलं दुसऱ्या उलटीच्या औषधाने उतरवायचं, हे नाट्य जिल्हा रुग्णालयांतल्या जुन्या सिस्टरांनी कैक वेळा पाहिलेलं आहे.

खरा पालट ऑनडॅनसेट्रॉनने झाला आणि तोही कॅन्सरच्या वाटेने आला. सिस्प्लॅटिनसारखी औषधं घेणारे पेशंट इतके ओकत की काही जण उपचार अर्धवट सोडून देत. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुखावल्या की सेरोटोनिन सोडतात, ते तिथल्या मज्जातंतूंना डिवचतं आणि निरोप थेट मेंदूला जातो, हे हळूहळू कळलं. इंग्लंडमधल्या ग्लॅक्सोच्या संशोधकांनी हा निरोपच अडवणारा रेणू तयार केला. १९९१ साली अमेरिकेत त्याला कॅन्सरच्या उलट्यांसाठी परवानगी मिळाली. ऑपरेशननंतरच्या उलट्यांसाठी थोड्या उशिराने. गुंगी नाही, मान वाकडी होणं नाही. डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ एवढे किरकोळ दोष; हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत फरक पडण्याची शक्यता असलेल्यांना जपून.

पण परदेशात हे औषध महाग होतं. भारतात ते स्वस्त का झालं, याचं उत्तर दिल्लीच्या एका कायद्यात आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. दुसऱ्या वाटेने तोच रेणू बनवला की झालं. १ जानेवारी २००५ पर्यंत ही मुभा होती आणि ऑनडॅनसेट्रॉन नेमकं तिच्या मध्यावर आलं. सिप्लाचं एमसेट, सनचं झोफर, अल्केमचं ऑनडेम, पुढे मॅनकाइंडचं व्होमिकाइंड. औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत गेलं आणि त्याची किंमत सरकारी नियंत्रणाखाली आली. दोन मिलीची, चार मिलिग्रॅमची ती छोटी काचेची कुपी आज तालुक्याच्या रुग्णालयातही असते. ‘एक एमसेट दे’ एवढं म्हटलं की सिस्टर कुणाचंही एमसेट फोडते. सिप्लाचंच असायला हवं असं नाही.

या पेटंट कायद्यामागची हिंमत कुठून आली, याचा एक धागा पिंपरीला येतो. परदेशी कंपन्यांवाचून आपण औषध बनवू शकतो, हे स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवलं ते एचएने. पुढे १९६२ साली एमआयडीसी आली, भोसरीत शेड उभ्या राहिल्या, त्यांत औषधांचेही कारखाने आले. १९८१ साली सुरू झालेली आणि आज हिंजवडीत मुख्यालय असलेली एमक्योर बराच काळ भोसरीच्याच पत्त्यावर होती. ज्या एचएपासून सुरुवात झाली, ती मात्र स्वस्त आयात मालासमोर खचत गेली आणि १९९७ साली आजारी उद्योगांच्या मंडळापुढे उभी राहिली.

औषध मिळालं म्हणून प्रश्न सुटला नाही. कुणाला द्यायचं, किती द्यायचं? १९९९ साली जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या ख्रिस्तियान आप्फेलने जर्मन आणि फिनलंडच्या पेशंटांवरून चार खुणांची सोपी गुणपत्रिका केली. पेशंट बाई आहे का, धूम्रपान करत नाही ना, आधी कधी ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या किंवा गाडी लागते का, आणि नंतर अफूवर्गातलं वेदनाशामक द्यावं लागणार का. प्रत्येकाला एक गुण. शून्य गुण असले तर उलटी-मळमळीचा धोका १० टक्के, एकाला २१, दोनला ३९, तीनला ६१, आणि चारही जुळले तर ७९.

ही गुणपत्रिका महाराष्ट्रात लावून बघा. इथल्या बहुसंख्य बायका विडी-सिगारेट ओढत नाहीत, म्हणजे टेबलावर चढण्याआधीच दोन गुण झाले. मिश्री लावणाऱ्या आजीचं आणि तंबाखू मळणाऱ्या कामगाराचं काय करायचं, यावर युरोपात तयार झालेली गुणपत्रिका गप्प आहे. तिसऱ्या गुणासाठी पिंपरी-चिंचवडचे भूलतज्ज्ञ साधा प्रश्न विचारतात: घाटात गाडी लागते का? साताऱ्याहून, कोकणातून, मराठवाड्यातून आलेल्या या वस्तीत उत्तर बहुधा लगेच मिळतं आणि बरोबर एक किस्साही. चौथा गुण ट्रामाडॉल भरून देतं. हे वेदनाशामक आपल्या इस्पितळांत सर्रास वापरलं जातं आणि मळमळीसाठी बदनाम आहे. म्हणून ट्रामाडॉल लिहिलं की त्याच ओळीत एमसेट लिहायची सवय पडली. स्नोच्या अफूचं कोडं इथे रोज सोडवलं जातं.

त्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनांची भर. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून करायचं हे काम. टाके छोटे, घरी जाणं लवकर, पण मळमळ जास्त. आणि पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

याच काळात या विषयाला एक काळा डागही लागला. जपानच्या योशिताका फुजी या भूलतज्ज्ञाने ग्रॅनिसेट्रॉनवर, म्हणजे ऑनडॅनसेट्रॉनच्याच भावंडावर, निबंधांचा पाऊस पाडला. आकडे इतके सुबक की आप्फेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली जाहीर पत्रातच त्यांच्या अविश्वसनीय नीटनेटकेपणावर बोट ठेवलं. पुढची बारा वर्षं फारसं काही झालं नाही. अखेर २०१२ साली जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने चौकशी करून १७२ निबंधांतली माहिती बनावट ठरवली. उलटीसारख्या ‘किरकोळ’ विषयावर एवढी वर्षं कुणी बारीक नजर ठेवली नाही, हेही त्यातून दिसलं.

भरवशाचं उत्तर आलं ते २००४ साली. आप्फेलच्याच पुढाकाराने ५,१९९ पेशंटांवर झालेल्या चाचणीत ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी धोका सारखाच, साधारण चौथाईने, कमी केला आणि एकावर दुसरं दिलं की फायदा वाढत गेला. तेव्हापासून पद्धत बसली: डेक्सामेथासोन भूल देताना सुरुवातीला, एमसेट टाके घालताना शेवटी. भुलीसाठी वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल दिलं तर आणखी बरं. ड्रोपेरिडॉल मात्र अमेरिकी औषध प्रशासनाने २००१ साली हृदयाबाबत कडक इशारा दिल्यापासून मागे पडलं.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मोठ्या ऑपरेशनसाठी बहुतेकांना एकेकाळी पुण्याचा रस्ता धरावा लागे. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. संत तुकारामनगरातलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, लोकांच्या भाषेत वायसीएम, १९८९ साली सुरू झालं. कामगार विम्याचं रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात. इथल्या सर्जनांच्या वाट्याला कारखान्यांचा ठसा असलेलं एक काम हमखास येतं: प्रेसखाली सापडलेली बोटं. अशा वेळी सगळं शरीर झोपवण्याऐवजी काखेजवळ किंवा मानेजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करता येतो. कामगार जागा असतो, पोट भरलेलं असलं तरी त्यातला ऐवज श्वासनळीत जाण्याची भीती कमी होते आणि उलटीचा प्रश्न बराचसा उद्भवतच नाही. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीनंतर तासाभरात हात अडकलेल्या माणसाला हे सर्वांत सोयीचं.

आता नवी अडचण घरी जाण्याची आहे. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी सुट्टी, असं चालू झाल्यापासून इस्पितळात शांत असलेलं पोट रस्त्यावर ढवळतं. अमेरिकेत अशा २,१७० पेशंटांची पाहणी झाली. घरी गेल्यावर दोन दिवसांत ३७ टक्क्यांना मळमळ किंवा उलटी झाली. लगेच हलवलं तर उलटी होते, हे स्नोने लिहिलं तेव्हा पेशंटला खाटेवरून खाटेवर न्यायचं होतं. चाकणहून निघालेल्या पेशंटला नाशिक रस्त्यावरच्या तळेगाव चौकातली कोंडी, गतिरोधक आणि रिक्षाचा धूर यांतून जायचं असतं. म्हणून हल्ली डिस्चार्ज कार्डावर वेदनाशामकाच्या खाली ऑनडॅनसेट्रॉनच्या दोन-तीन ‘एमडी’ गोळ्या लिहिलेल्या असतात. जिभेवर ठेवली की विरघळते, पाणी लागत नाही. समजूतदार सिस्टर त्यातली एक गेटबाहेर पडण्याआधीच घ्यायला लावते, आणि बरोबरच्या माणसाच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवीही देते.